गुलाबी पाणी, गळणारे केस आणि आपली जीभ

(बुलढाणा जिल्ह्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



गेल्या काही वर्षांत आपला जिल्हा दोनदा देशभर चर्चिला गेला. जून २०२०मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि २०२४ संपता संपता शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस गळू लागले. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या, हे आधीच सांगतो. विचित्र वार्ता कानी आली की एक जण ‘काहीतरीच!’ म्हणून हात झटकतो आणि दुसरा तत्काळ त्यात कोणाचा तरी डाव शोधतो. तपासण्याचे श्रम मात्र दोघेही टाळतात.

लोणारचेच पाहा. लवणासुराची कथा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १८२३मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली, पण पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख मानले जाई. उल्कापाताचे भक्कम पुरावे १९७३मध्ये मांडले गेले. विवराचे वय बरीच वर्षे सुमारे ५० हजार वर्षे सांगितले जात होते. २०११मधील संशोधनाने ते पावणेसहा लाखांच्या आसपास नेले. पाठ्यपुस्तकातला आकडा बदलला म्हणून कोणी कट केला असे होत नाही. पुरावा सुधारला की निष्कर्ष सुधारतो.

पाणी गुलाबी झाले तेव्हा टाळेबंदीचे दिवस होते. लोकांच्या हाती वेळ होता आणि भ्रमणध्वनीही. वनखात्याने नमुने घेतले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही लक्ष घातले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्या पाण्यात ‘हॅलोआर्किया’ हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव आढळले. बाष्पीभवनाने क्षारता वाढली की ते फोफावतात आणि गुलाबी रंगद्रव्य निर्माण करतात. नमुना स्थिर ठेवला तेव्हा जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले! इतक्या साध्या निरीक्षणाने किती तर्क निकालात निघावेत!

शेगावचे प्रकरण इतके गोमटे नव्हते. तेथे रंग नव्हता, माणसे होती. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लहानथोरांचे केस मुठीने हाती येऊ लागले आणि काही दिवसांत टक्कल पडले. प्रथम पाण्याकडे बोट गेले. नमुन्यांत नायट्रेट व क्षार अधिक निघालेही. मग बुरशीचा संशय आला. दरम्यान ‘टक्कल व्हायरस’ हा शब्द रुजला. या शब्दाने केसांपेक्षा अधिक हानी केली. केस गळणे हा संसर्ग आहे, असे एकदा ठरले की त्या गावच्या मुलीचे स्थळ मागे फिरते आणि त्या गावच्या पाहुण्याला चहा विचारताना घरातली मंडळी एकमेकांकडे पाहतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम, तेही आले. रुग्णांच्या रक्त, मूत्र व केसांत सेलेनियम फार वाढल्याचे त्यांना आढळले आणि शिधावाटपातील गव्हाकडे त्यांनी निर्देश केला. सेलेनियम शरीराला अत्यल्प लागते. अति झाले की केस व नखे गळतात. चीनमधील एन्शी भागात १९६०च्या दशकात हेच घडले होते. पंजाबच्या होशियारपूर–नवांशहर पट्ट्यातील काही जमिनींत हे द्रव्य मुळातच विपुल असून ते पिकात उतरते, हेही जुने ज्ञान आहे.

येथे सावध राहायला हवे. ‘गव्हात विष’ इतकेच ऐकले की ‘कोणी कालवले?’ हा प्रश्न जिभेवर येतो. परंतु मातीतून दाण्यात येणाऱ्या द्रव्याला कोणाच्या हेतूची गरज नसते. तसेच डॉ. बावस्करांचा निष्कर्ष हा एका अभ्यासकाचा निष्कर्ष आहे. तो ‘सिद्ध झाले’ म्हणून सांगू नये आणि ‘अफवा’ म्हणून उडवूनही लावू नये. खरा प्रश्न रूक्ष आहे, म्हणून तो कोणी पुढे पाठवत नाही: शिधादुकानातला गहू कोणत्या जमिनीतून आला आणि पोते फोडण्यापूर्वी त्याची चाचणी कोण करते?

एप्रिल २०२५मध्ये त्याच तालुक्यातून नखे गळू लागल्याची वार्ता आली. तोवर बहुतेक वाहिन्यांचे कॅमेरे परतले होते. आपल्यापैकी ज्यांचे आप्त त्या गावांत आहेत, त्यांनी शिधापत्रिकेवरच्या धान्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी.