स्लॅबला पाणी कोण मारणार?



घरकुलाच्या यादीत नाव कधी येतं आणि हप्ता कधी पडतो, हे तुम्हाला ग्रामपंचायतीत कळेल. मला बोलायचं आहे ते नाव आल्यानंतरचं. वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेलं घर पाच पावसाळ्यांत गळायला का लागतं, याबद्दल.

घरांचा तुटवडा खरा आहे. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग सुरू झाला, तेव्हा देशभरासाठी २ कोटी ९५ लाख घरांचं उद्दिष्ट होतं. २०२४ मध्ये आणखी २ कोटी घरं मंजूर करावी लागली. आपल्याकडे रमाई आणि शबरी या राज्याच्या घरकुल योजनाही आहेत. तरी गावात जा, पत्र्याच्या खोपटात सून-सासू-नातवंडं एकाच कोपऱ्यात. अशा माणसाला घर मिळतं तेव्हा तो माल पारखायच्या मनःस्थितीत नसतो. मिस्त्री म्हणेल ते खरं, ट्रॅक्टरवाला टाकेल ती वाळू. घाई असते, कारण जोतं झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, फोटो चढल्याशिवाय पैसे नाहीत. फोटोत भिंत दिसते. भिंतीत काय आहे ते दिसत नाही.

आता आयाबहिणींनो, हे तुमच्यासाठी. घर बहुतेक ठिकाणी तुमच्या नावावर किंवा जोडीनं दोघांच्या नावावर होतं. आणि काँक्रीट कसं बिघडतं हे तुम्हाला जितकं पटकन समजेल तितकं पुरुषांना समजणार नाही, कारण तुम्ही रोज भाकरी थापता.

जुनं पीठ असलं की त्याची विरी जाते. कितीही मळा, थापताना कडा फाटतात. सिमेंटचं तसंच आहे. पोत्यावर ते कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी भरलं हे छापलेलं असतं. तीन महिन्यांपलीकडचं पोतं, त्यातून ओलीला लागून ठेवलेलं, म्हणजे विरी गेलेलं पीठ. हात घाला. गुठळ्या लागल्या आणि त्या चिमटीत फुटल्या नाहीत तर परत पाठवा. दुकानदार रागावेल, रागावू द्या.

पिठात माती आली तर भाकर कचकचते. वाळूत माती आली तर सिमेंट खडीला धरत नाही. नदीची चांगली वाळू मिळत नाही, म्हणून ओढ्यातली मातकट वाळू येते, नाहीतर क्रशरची नुसती डस्ट वाळू म्हणून खपवतात. धुऊन चाळलेली क्रश सँड वेगळी, ही धूळ वेगळी. घरातली काचेची बाटली घ्या, निम्मी वाळू भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि दोन-तीन तास ठेवून द्या. वाळू खाली बसेल, गाळ वर. दहा सेंटिमीटर वाळूवर पाऊण सेंटिमीटरपेक्षा जास्त गाळ दिसला, तर ती वाळू नको. या परीक्षेला पैसा लागत नाही.

पीठ सैल झालं तर भाकर थापताच येत नाही, हेही तुम्हाला ठाऊक. मिस्त्री मात्र मालात पाणी वाढवतो, कारण सैल माल पटकन सरकतो, कष्ट वाचतात. ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ ते २८ लिटर पाणी पुरे. त्यापुढचं पाणी उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. पावसाळ्यात त्याच वाटेनं ओल आत शिरते, सळई गंजते, गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे डोक्यावर पडतात.

आणि आता माझा खरा मुद्दा. भाकर तव्यावर टाकली की तुम्ही लगेच काय करता? वरून पाण्याचा हात फिरवता. नाही फिरवला तर ती कोरडी पडते, तडकते. काँक्रीटलाही वरून पाणी लागतं. तव्यावरच्या भाकरीला एकदा पुरतं, याला निदान सात दिवस. सध्या बाजारातलं बरंचसं सिमेंट राख मिसळलेलं असतं. राख म्हणजे भेसळ नव्हे, ते चांगलं सिमेंट आहे, पण त्याला दहा दिवस तरी लागतात. उन्हाळ्यात चौदा दिवस मारलं तर उत्तम. सिमेंट, वाळू, सळई सगळं अव्वल आणलं आणि पाणी मारलं नाही, तर तो अव्वल माल तुम्ही स्वतःच वाया घालवला.

पण पाणी आणायचं कुठून? रब्बी घरात आली की बांधकाम निघतं आणि पावसाच्या आत छत पडावं लागतं. म्हणजे मार्च, एप्रिल, मे. मराठवाड्यात तेव्हा प्यायला टँकर. २५ चौरस मीटरच्या स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी उभं करायचं, तर एका वेळेला सव्वा हजार लिटरच्या पुढे. ज्या बाईला दोन हंड्यांसाठी विहिरीवर नंबर लावावा लागतो, तिला स्लॅबला पाणी मार म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून तिला एकटीला मी दोष देत नाही. घरकुलाला १ लाख २० हजार आले, २०२५ मध्ये राज्यानं ५० हजारांची भर घालायचं ठरवलं, मजुरीचे दिवस रोजगार हमीतून धरले. पाण्याचा मात्र कुणी हिशेबच धरलेला नाही. तो ग्रामसभेत धरायला हवा. ज्या आठवड्यात गावातले स्लॅब पडणार, त्या आठवड्यात टँकर ठरवा. पाणी थोडं असेल तर गोणपाट भिजवून स्लॅबवर आणि कॉलमभोवती घाला, वर प्लास्टिक अंथरा, कमी पाण्यात भागतं. पण कोरडं ठेवू नका. पुन्हा सांगतो, पहिले दहा दिवस कोरडं ठेवू नका.

किल्लारीचा भूकंप मोठ्या माणसांना आठवत असेल, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. दोन-दोन फूट जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नाही, वर माळवदाचं ओझं. माणसं त्याखाली गेली. त्यानंतर सिमेंट म्हणजे सुरक्षित, असं आपण धरून चाललो. कच्च्या विटेची, न भिजवलेल्या काँक्रीटची भिंतही तेवढीच दगा देणारी आहे. वीट कमरेइतक्या उंचीवरून टाकून बघा, दोन विटा एकमेकींवर वाजवून बघा. भद्द आवाज आला तर भाजणी कमी.

मला खूण झाली आहे, वेळ संपत आलाय. काळ्या मातीतल्या पायाबद्दल बोलायचं राहिलंच. ती माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि नीट पाया नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. पाया किती खोल घ्यायचा हे गावागणिक बदलतं, पंचायत समितीच्या अभियंत्याला जागेवर बोलावून विचारा, खड्डा उघडा असतानाच विचारा. ज्यांना घरासाठी जागाच नाही त्यांचा प्रश्न तर याहून मोठा, त्यांना जागा विकत घ्यायला मदत देणारी योजना आहे, तिची चौकशी करा. बाकीचं पुढच्या खेपेला. तोवर कुणाचा स्लॅब याच आठवड्यात पडला असेल, तर आज संध्याकाळी त्यावर पाणी मारा.