लंगडणाऱ्या घोड्यावर वरात नको
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



शर्यतीचा घोडा म्हटला की आपल्याला महालक्ष्मीचे मैदान आठवते. जिंकणाऱ्या घोड्याचे नाव होते. पण पाय मोडलेल्याचे काय?

जवळपास पाचशे किलोचे ते शरीर चार बारीक पायांवर उभे. माणसासारखे महिनाभर पडून राहणे त्याला जमत नाही. एक पाय मोडला की भार दुसऱ्यावर येतो, मग तो खूरही आतून सुजतो. २००६ साली अमेरिकेत बार्बारो या नामांकित घोड्याचा पाय शर्यतीत मोडला. शस्त्रक्रिया झाली, आठ महिने डॉक्टर झटले. शेवटी खुरांच्या दुखण्यापायी त्याला मरण द्यावे लागले. पैसा होता, तरी ही गत!

मैदानातून बाद झालेले काही घोडे पुढे सवारीला, वरातीला लागतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या. पण ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत वरातीचा घोडा आजही दारात येतो. तो लंगडताना दिसला, तरी आम्ही बँडवर नाचतच राहिलो. ही आमचीच चूक.

चालताना घोडा मान सारखी वर उडवतो, तेव्हा बहुधा त्याचा पाय दुखत असतो. अशा वेळी नवरदेवाने खाली उतरावे. जखमी जनावराला कामाला लावणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. घोडेवालाही पोटासाठीच राबतो. त्याच्याशी भांडू नका, ठरलेले पैसे द्या आणि घोडा परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात दाखवायला सांगा. पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. ते रस्त्यावरही पाळू या.

जयभीम!