मावशींचं नाव कुठल्या पानावर?

आज बोलायचंय मोठ्या पुस्तकाच्या फाईलबद्दल. दहा पानी लेख नव्हे, तर तीनशे-साडेतीनशे पानं, तळटीपा, अनुक्रमणिका, सूची असं सगळं असलेलं माहितीपर पुस्तक. विषय कोरडा वाटेल, म्हणून आधी माझी फजिती सांगतो.

गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी मी काही वर्षं गोळा करत होतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्याच्या आधीचं आणि नंतरचं रोजचं जगणं हा पुस्तकाचा विषय. लालबागच्या एका मावशी कामगारांसाठी खानावळ चालवायच्या. संपात लोकांचे पैसे थकले, तरी त्यांनी ताट वाढणं थांबवलं नाही.

प्रकाशनाच्या दिवशी मावशी आल्या. नातवाने शेवटची व्यक्तिसूची उघडली. मावशींचं नाव, पान २१२. तिथे मावशी नव्हत्याच, कुठला तरी तक्ता होता. "राहू दे रे, असेल कुठेतरी," म्हणाल्या आणि पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. त्या होत्या पान २१४ वर.

झालं काय होतं? सूची मी प्रुफांवरून हाताने केली होती. मग तिसऱ्या प्रकरणात थोडी भर घातली आणि पुढची सगळी पानं सरकली. अनुक्रमणिका आठवणीने सुधारली, सूची राहिली.

चूक शेवटच्या आठवड्यातली वाटते, पण ती पहिल्या दिवसाची होती. मी वर्ड प्रोसेसर टाईपरायटरसारखा वापरत होतो. शीर्षक आलं की अक्षर मोठं-ठळक करायचं, नवीन पान हवं की एंटर दाबत सुटायचं. दिसायला सगळं ठीक. पण संगणकाला त्यातलं काय कळतं? अमुक ओळ जाड आहे, एवढंच. ते प्रकरणाचं नाव आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि हेच सांगायचं असतं, बरं का. दुसऱ्या आवृत्तीसाठी मी लिबरऑफिस रायटर घेतलं. ते फुकट मिळतं. प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल-१ दाबलं की ते 'हेडिंग १' होतं, पोटशीर्षकाला कंट्रोल-२. अक्षराचा आकार, वरची मोकळी जागा, प्रकरण नव्या पानावर सुरू होणं, हे सगळं त्या स्टाईलमध्ये एकदाच ठरवायचं. एफ-५ दाबलं की सगळी शीर्षकं यादीत दिसतात. अनुक्रमणिका त्यातूनच तयार होते.

आता मराठीतली एक खोच. स्टाईलमध्ये फॉन्ट बदलला, तरी देवनागरी अक्षर ढिम्म हलत नाही, असं अनेकांचं होतं. कारण तिथे दोन कप्पे असतात. एक रोमन लिपीसाठी, दुसरा 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' नावाचा. देवनागरी दुसऱ्यात मोडते. फॉन्ट, आकार, ठळकपणा तिथे ठरवायचा.

दुसरी खोच 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतल्या ऱ्याची. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे टाईप होतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला शब्द सापडेलच असं नाही. दोघा-तिघांनी टंकलेखन केलं असेल, तर आधी फाईलभर एकच पद्धत करून घ्या.

आणि सूची. शब्द निवडून त्यावर सूचीची खूण करता येते. मग पानं सरकली की खूणही मजकुराबरोबर सरकते. सारखे सगळे शब्द एकदम घेण्याची सोयही आहे, पण तिच्यावर विसंबू नका. 'संप' घेतलात तर 'संपला' आणि 'संपत्ती'ही आत शिरतात. फक्त पूर्ण शब्द घे म्हटलं, तर 'संपात', 'संपामुळे' निसटतात. आपल्या भाषेत शब्दाला प्रत्यय चिकटतो, त्यामुळे हे काम वाचत-वाचत, माणसानेच करायचं. पानांचे आकडे मात्र संगणकाकडे सोपवायचे.

एक लक्षात ठेवा. अनुक्रमणिका आणि सूची आपोआप ताजी होत नाही. छपाईची पीडीएफ काढायच्या आधी 'अपडेट' द्यायचं, आणि मग पाच-दहा नावं स्वतः उघडून बघायची.

दुसऱ्या आवृत्तीत मी पहिलं तपासलं ते मावशींचं नाव. मग प्रत घेऊन लालबागला गेलो. पान त्यांनीच काढलं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "आमटीत कोकम घालायचे मी, चिंच नाही. तेवढं बदल."

ते मात्र कुठल्याही स्टाईलमध्ये बसत नाही. भेटू पुढच्या भागात!