सापाचं इंजेक्शन ठेवायचं कुठे?



भातलावणीचे दिवस. बांधावर फुरसं चावतं. सापाचं इंजेक्शन, म्हणजे सर्पविषावरची लस, तेव्हा कुठे असावी? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, तालुक्याच्या रुग्णालयात की जिल्ह्याच्या भांडारात? 'सगळीकडे ठेवा' म्हणणं सोपं; पण कुप्या मोजक्या, आणि मुदत संपली की टाकूनच द्याव्या लागतात.

समजा, तालुक्यात सारखीच नऊ केंद्रं आहेत. अंदाज चुकला तर अडायला नको म्हणून प्रत्येकानं 20 कुप्या राखून ठेवल्या, तर झाल्या 180. हीच राखीव शिल्लक तालुक्याला एकत्र ठेवली, तर 60 कुप्यांत भागतं. कारण नऊही ठिकाणी एकदम रुग्ण वाढत नाहीत. एकाकडची चणचण दुसऱ्याकडच्या शिलकीतून निभते. अशा वेळी राखीव साठा केंद्रांच्या संख्येच्या नव्हे, तर तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लागतो. नवाचं वर्गमूळ तीन, म्हणून साठा एक तृतीयांशावर येतो.

मग सगळंच तालुक्याला ठेवावं? तसंही नाही. पहिला डोस साधारण 8 ते 10 कुप्यांचा, आणि त्याला झालेला उशीर भरून निघत नाही. तो केंद्रातच हवा. लस कोरड्या पुडीच्या रूपात मिळते, त्यामुळे फ्रिज नसला तरी अडत नाही. पुढचं मात्र सापावर ठरतं. घोणस-फुरशाच्या दंशात रक्त गोठतंय का, हे सहा तासांनी पुन्हा पाहून पुढचा डोस ठरतो. तेवढ्यात तालुक्याहून गाडी येते. नाग-मण्यारच्या दंशात मात्र एक-दोन तासांतच पुन्हा डोस लागू शकतो. जिथे मण्यार जास्त आणि रस्ता लांब, तिथे दोन डोस हाताशी हवेत.

आता वर्गमुळाच्या हिशेबातली मेख. पाऊस सुरू झाला की दंश सगळीकडे एकदमच वाढतात. एकाची शिल्लक दुसऱ्याला पुरत नाही, त्यात ओढ्याला पूर आला की गाडीही अडते. म्हणून मे महिन्यातच कुप्या केंद्रांकडे सरकवायच्या. पावसाळा सरला की मुदत जवळ आलेल्या कुप्या गोळा करून जास्त रुग्ण येतात त्या रुग्णालयात वापरायला द्यायच्या.

या वाटपासाठी मे महिन्यात बैठक घ्याल, तेव्हा नकाशावरचे किलोमीटर मोजू नका. भर पावसात, रात्री दोन वाजता तालुक्याची गाडी केंद्रावर किती वेळात पोचते, हे तिच्या चालकाला विचारा. त्याच्या उत्तरावरून त्या केंद्राच्या कुप्यांचा आकडा ठरवा.