मधपेटीसाठीही औषधाचे लेबल हवे

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आदिवासी कुटुंबाला मधपेटी मिळाली की तिचा फोटो आपण सगळे आनंदाने पाहतो. आज मला त्या फोटोनंतरच्या दिवसांविषयी बोलायचे आहे.

आपल्या डोंगरातली सातेरी माशी आपल्या ओळखीची. पण अनेक योजनांतून मिळते ती मेलिफेरा माशी 1960 च्या दशकात भारतात रुजवली गेली. ती मध अधिक देते, पण व्हरोआ नावाच्या कोळी किडीपुढे ती दुबळी पडते. मोहरीहून बारीक, तांबूस असा हा जीव. सातेरीचा आणि त्याचा संबंध जुना. सातेरी माश्या एकमेकींच्या अंगावरचे कोळी वेचून काढतात. मेलिफेराला ती सवय फारशी नाही.

कोळ्याची मादी पिलाच्या घरावर मेणाचे झाकण बसण्याच्या थोडे आधी आत शिरते आणि झाकणाआड पिलाच्या अंगावरच आपली वीण वाढवते. तिच्यासोबत विषाणूही पसरतात. मग चुरगळलेल्या पंखांच्या माश्या जन्मतात आणि वसाहत खचत जाते. ज्या घराने त्या मधावर मुलांच्या शाळेचा खर्च धरलेला असतो, त्याच्या हाती शेवटी रिकामी पेटी उरते.

यावर उपाय आहेत. फॉर्मिक ॲसिडची वाफ झाकणाच्या आतल्या कोळ्यापर्यंत पोचते. ऑक्झॅलिक ॲसिड झाकणाआड पोचत नाही, म्हणून पेटीत पिले कमी असताना ते वापरतात. दोन्ही स्वस्त आहेत, पण हातमोजे, मास्क आणि अचूक मात्रा यांशिवाय धोकादायकही आहेत. मात्रा चुकली तर राणीच मरते.

अडचण इथेच सुरू होते. आपला कीटकनाशक कायदा 1968 चा. कलम 9 प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय कीटकनाशक बनवता किंवा आयात करता येत नाही. ही नोंदणी फरीदाबादची नोंदणी समिती करते. डब्याच्या लेबलवर पीक, कीड आणि मात्रा छापलेली असते. ही सारी रचना पिकांभोवती उभी आहे, आणि मधपेटी हे काही पीक नव्हे. शिवाय नोंदणीसाठी चाचण्यांची माहिती द्यावी लागते, तिला पैसा लागतो. स्वस्त ॲसिडसाठी तो खर्च कोणती कंपनी करील? मग मधपाळ ऐकीव सल्ल्यावर पिकावरचे औषध पेटीत घालतो. ते मेणात आणि मधात उतरते आणि मध तपासणीत नापास होतो.

अमेरिकेतही हीच अडचण होती. तिथे फ्लुव्हॅलिनेटच्या पट्ट्यांना 1990 च्या दशकात कोळी सरावले होते. ऑक्झॅलिक ॲसिडसाठी अखेर त्यांचे कृषी खातेच अर्जदार म्हणून पुढे आले. कॅनडात आधी झालेल्या कामाचा आधार मिळाला आणि 2015 मध्ये नोंदणी झाली. आता तिथल्या मधपाळाला मात्रा, वेळ आणि काळजी लेबलवर वाचायला मिळते.

आपल्याकडे नवे कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक 2020 मध्ये राज्यसभेत मांडले गेले. कायदा बदलण्याचा विचार होतो आहे, तेव्हाच आपले म्हणणे पोचले पाहिजे. माझ्या मते तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, मधपेटीतील वापर ही नोंदणीची स्वतंत्र आणि सोपी वर्गवारी असावी. दुसरी, ज्या औषधात कंपनीला नफा नाही त्यासाठी सरकारी संशोधन संस्थेने अर्ज करावा. तिसरी, लेबल मराठीत आणि चित्रांसह असावे. नियम सैल करा असे मी म्हणत नाही. सुरक्षित औषधाला नियमात जागा द्या, एवढेच मागणे आहे.

तुम्ही काय कराल? आपल्या खासदारांना या तीन मागण्यांचे एक पत्र लिहा. आणि पुढच्या वेळी पेटीसाठी देणगी देताना विचारा : कोणती माशी देणार? कोळी मोजायला कोण शिकवणार? ते शिकवणे अवघड नाही. बरणीत सुमारे 300 माश्या घेऊन त्यांवर पिठीसाखर टाकून हलवले की कोळी सुटे होतात आणि जाळीतून खाली पडतात. माश्या जिवंत पेटीत परत जातात. शंभर माश्यांमागे तीन कोळी दिसले तर उपचाराची वेळ झाली असे समजावे.

पेटी देणे हे आपल्या कामाचे पहिले पाऊल आहे. ती पेटी तिसऱ्या वर्षीही गुणगुणत राहिली, तरच तुमचे दान त्या घरी खऱ्या अर्थाने पोचले.