साम्यवाद : पुस्तकांतला आणि सोलापूरचा

(सोलापुरांत विडी कामगार व शेतकरी यांच्या सभेंत एका शिक्षकानें दिलेलें भाषण)



समाजवाद व साम्यवाद यांवर मीं बोलावें अशी आज्ञा झाली आहे. मी खेड्यांतला पंतोजी. रशियाची राज्यघटना मला पाठ नाहीं. ज्यांना पाठ असते त्यांनीं बहुधा कुंभारी पाहिलेली नसते. म्हणून मी आपल्या गांवापासूनच आरंभ करतों.

तत्त्व फार अवघड नाहीं. ज्याच्या हातीं जमीन, गिरणी व भांडवल, त्याच्याच हातीं सत्ता. राबणाऱ्याला पोटापुरती मजुरी मिळते आणि त्याच्या श्रमाचें उरलेलें मोल मालकाच्या तिजोरींत जातें. तेव्हां हीं साधनें सर्व समाजाच्या मालकीचीं व्हावींत. समाजवादी म्हणतो, हें मतपेटीनें व कायद्यानें करूं; साम्यवादी म्हणतो, मालक राजीखुशीनें कांहीं सोडणार नाहीं, राज्यच कामगारांनीं घेतलें पाहिजे. मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाचा पहिला भाग १८६७ सालीं निघाला. जोतीरावांनीं सत्यशोधक समाज १८७३ सालीं स्थापिला, आणि त्याच समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी करून १८९० सालीं रविवारची सुटी मिळविली. कामगारांचा कैवार म्हणजे परदेशी माल असें जे म्हणतात त्यांना हीं सालें ऐकवावींत.

आतां व्यवहार. आपली जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, ऑगस्ट १९४९ मध्यें संचालकांनीं बंद केली. हजारों चुली थंडावल्या. जानेवारी १९५० मध्यें मध्यवर्ती सरकारनें वटहुकूम काढला, जुने संचालक दूर केले आणि आपले संचालक नेमून कारभार हातीं घेतला. स्वतंत्र हिंदुस्थानांत सरकारनें अशी गिरणी घ्यावी हा मोठाच प्रकार होता. एक भागीदार सर्वोच्च न्यायालयांत गेला आणि डिसेंबर १९५० मध्यें हरला. पुढें नव्या संचालकांनीं भागांची उरलेली रक्कम मागितली, तेव्हां दुसऱ्या भागीदारानें दावा केला. डिसेंबर १९५३ मध्यें न्यायालयानें ठरविलें कीं, नुकसानभरपाईशिवाय मालमत्ता हिरावणारा हा वटहुकूम घटनेविरुद्ध आहे. १९५५ सालीं चौथी घटनादुरुस्ती झाली, तिला हा सोलापूरचा निकालही कारण होता. आपल्या गिरणीनें देशाची घटना बदलली, आणि आपल्या शाळांतल्या मुलांना तें ठाऊक नाहीं. याचा थोडा दोष मजकडेही येतो.

परंतु खरा प्रश्न पुढेंच आहे. त्या कायद्यांत संचालक सरकारनें नेमायचे होते, कामगारांनीं निवडायचे नव्हते. मागावर उभा राहणारा कालपर्यंत शेटजीच्या हुकमांत होता, तो आतां साहेबाच्या हुकमांत गेला. पुढें ती गिरणी कायमची बंद पडली, लक्ष्मी-विष्णूही बंद पडली. सरकारी मालकी म्हणजे समाजाची मालकी, हें समीकरण पुस्तकांत जितकें सरळ दिसतें तितकें तें नाहीं. रशियांत याची किंमत फारच भयंकर पडली. १९१७ सालीं क्रांति झाली, जमीनदार गेले, अक्षरओळख वाढली. आणि १९३२-३३ सालीं सरकार धान्य उचलून नेत असतां लाखों शेतकरी भुकेनें मेले. ‘कुणब्याचें राज्य’ म्हणून ज्याची जाहिरात झाली तेथें कुणब्याला तोंड उघडण्याची सोय नव्हती. १९९१ सालीं तें राज्य मोडलें.

आमच्या कम्युनिस्ट मित्रांशीं आमचा दुसराही वाद आहे. वर्ग मोडला कीं जात आपोआप मोडेल, असें ते सांगत. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यांत अस्पृश्यांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडानें ओढावा लागे. तो विटाळ मानणारे मालक नव्हते, कामगारच होते. डॉ. आंबेडकरांनीं हें तोंडावर विचारलें. आणि तरीही ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपांत त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले. भांडण ठेवूनही एकत्र लढतां येतें, हें आमच्यांतल्या रुसव्याफुगव्यांत रमणाऱ्या पुढाऱ्यांनीं लक्षांत घ्यावें.

आतां कुंभारी. तेथें विडी कामगार बायांसाठीं दहा हजार घरांची वसाहत सहकारी संस्थेनें उभी केली. कॉम्रेड नरसय्या आडम यांनीं त्यासाठीं वर्षानुवर्षें मोर्चे काढले. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्तें घरें दिलीं गेलीं. वसाहतीला नांव गोदूताई परुळेकरांचें. त्या जन्मानें ब्राह्मण, पण वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध त्या जंगलांत राहिल्या. हें आपल्या पत्रानें लपवूं नये. पुढें रे नगरच्या तीस हजार घरांची योजना आली. ९ जानेवारी २०१९ रोजीं पंतप्रधान मोदी यांनीं पायाभरणी केली, त्या प्रसंगीं आडम मास्तरांनीं त्यांची स्तुति केली म्हणून पक्षानें त्यांना तीन महिने मध्यवर्ती समितींतून निलंबित केलें. जानेवारी २०२४ मध्यें पंधरा हजार घरें मिळालीं.

पहा, खासगी मालमत्ता नष्ट करूं म्हणणाऱ्या पक्षाचें सोलापुरांतलें सर्वांत मोठें काम म्हणजे हजारों गरीब बायांना स्वतःचें घर मिळवून देणें! पुस्तकी पंडित याला विसंगति म्हणतील. मी म्हणत नाहीं. जिला भाड्याच्या खोलींतून केव्हांही बाहेर काढतां येतें ती संपांत किती दिवस टिकणार? पक्षानें मास्तरांना शिक्षा केली ती मला कोती वाटली. ज्याच्या सहीनें घर मिळतें त्याचे आभार मानणें म्हणजे त्याचा गुलाम होणें नव्हे.

पण माझें समाधान झालें आहे असेंही समजूं नका. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईला मीं विचारलें, "बाई, आतां बरें आहे ना?" ती म्हणाली, "घर झालं गुरुजी. पण मांडीवरचं सूप काय खाली उतरलं न्हाई." पान व तंबाखू दुसऱ्याची, मोजून घेणारा दुसरा, खराब म्हणून काढलेल्या विड्यांचा तोटा मात्र तिचा. शाळेंतून आलेली मुलगी तिच्या शेजारीं दोरा गुंडाळायला बसते आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत पेंगते. १९६६ सालीं विडी कामगारांचा कायदा झाला, १९७६ सालीं कल्याण निधि झाला; त्या निधीचा विड्यांवरील कर २०१७ सालीं उठला. घरापर्यंत साम्यवाद पोंचला, सुपापर्यंत अजून पोंचला नाहीं.

शेतकरी बंधूंना सांगोला दाखवितों. आपल्या ब्राह्मणेतर चळवळींतून आलेल्या केशवराव जेध्यांनीं व शंकरराव मोऱ्यांनीं शेतकरी कामगार पक्ष काढला, १९५० सालीं दाभाडीस मार्क्सवाद स्वीकारला, आणि पुढें दोघेही काँग्रेसमध्यें परतले. गणपतराव देशमुख मात्र राहिले. दुष्काळी सांगोल्यानें त्यांना अकरा वेळां निवडून दिलें. तेथें सहकारी सूतगिरणी उभी राहिली. तीं भागधारकांचीं नांवें शेतकऱ्यांचीं आहेत. जुन्या गिरणींत जें झालें नाहीं तें थोडेंसें तेथें झालें: मालकाला वार्षिक सभेंत उभें राहून हिशेब विचारतां येतो. विचारतात किती जण, तो भाग वेगळा.

वेळ झाली. ज्या भगिनींजवळ विडी कामगाराचें ओळखपत्र नाहीं त्यांनीं घाई करून जाऊं नये. मीं कोरे अर्ज आणले आहेत, लिहून देण्यास वरच्या वर्गांतलीं मुलें बसलीं आहेत. आणि ज्यांची मुलगी सोमवारपासून शाळेंत आलेली नाहीं त्या दोघींनीं मला भेटल्याशिवाय जाऊं नये.