पात्रता कोणाची तपासावी?



आपल्या या रायपूर शहरात २०१३ साली प्रियांक पटेल यांनी ‘नुक्कड’ नावाचे चहागृह उघडले. तेथे चहा आणून देणाऱ्यांपैकी अनेकांना ऐकू येत नाही व बोलता येत नाही. ग्राहक आपली मागणी कागदावर लिहून देतो किंवा खुणेने सांगतो, आणि काम सुरळीत चालते. येथे माणूस होता तसाच राहिला. मागणी सांगण्याची रीत तेवढी बदलली. ती बदलताच, इतरत्र जो ‘अपात्र’ ठरला असता तो पात्र ठरला.

बहिरेपण निदान चटकन ध्यानात येते. परंतु ज्यांच्या मेंदूची घडणच निराळी आहे, त्यांचे वेगळेपण वरवर पाहता दिसत नाही. स्वमग्नता असलेल्या एखाद्याला कोलाहल किंवा ऐनवेळी बदललेला बेत असह्य होतो. वाचन-अक्षमता असलेल्याला तोंडी सांगितलेले नीट उमगते, पण लांबलचक परिपत्रक वाचताना त्याची दमछाक होते. ज्याला अवधान टिकवणे कठीण जाते, त्याला मोठ्या कामाचे लहान टप्पे पाडून दिले तर तो ते पार पाडू शकतो. आपण मात्र पहिल्याला तऱ्हेवाईक, दुसऱ्याला मंद आणि तिसऱ्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

मीही तसेच केले आहे. एका निवड समितीवर असताना एक तरुण आमच्यापुढे आला. तो नजर टाळीत होता. ‘स्वतःविषयी काही सांगा’ असे म्हणताच तो गप्प झाला. जागा होती हिशेबाच्या नोंदी तपासण्याची. आम्ही त्याला नोंदवही दाखवलीच नाही; पाच मिनिटांत परत पाठवले. त्याची अवस्था कोणती होती हे सांगण्याचा मला अधिकार नाही. माझी चूक ही, की जे काम त्याने करायचे होते ते सोडून मी भलत्याच गोष्टीची परीक्षा घेतली.

मुंबईत जुहू येथे २०१८ साली यश चॅरिटेबल ट्रस्टने ‘कॅफे अर्पण’ सुरू केले. स्वमग्नता, डाउन सिंड्रोम यांसारख्या अवस्था असलेली प्रौढ माणसे तेथे काम करतात. कायद्यानेही पाऊल पुढे टाकले आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांसाठी मिळून ठेवला. शिवाय अपंग कर्मचाऱ्यास वाजवी सोयी पुरविण्याची जबाबदारी सरकारी आस्थापनांवर टाकली.

कायदा दार उघडतो. आत बसायला जागा मात्र सहकाऱ्यांनीच करून द्यावी लागते. तिला फारसा पैसा लागत नाही. सूचना तोंडी आणि लेखी, दोन्ही प्रकारे द्याव्या. बदल आधी कळवावा. मागेल त्याला शांत कोपऱ्यातले मेज द्यावे. काय अडते ते त्यालाच विचारावे, आणि मुलाखतीच्या जोडीला प्रत्यक्ष काम करून पाहू द्यावे.

त्या तरुणापुढे मी नोंदवही ठेवू शकलो असतो. फार तर एक तास गेला असता.